श्रावणात ओव्हन लावायचा की नाही?

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.

"ताई नमस्कार. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन फोंड्याला आले त्याला नऊ वर्षं झाली. नवरा कुंडईला कंपनीत, घरात सासू-सासरे, मुलगी सात वर्षांची. मला बेकिंगची आवड, ओटीजी म्हणजे छोटा विजेचा ओव्हन घेतला आणि हळूहळू वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घ्यायला लागले, चार पैसे हातात येतात. गेल्या श्रावणात सोमवारी एक अर्जंट ऑर्डर आली आणि मी अंड्याचा केक केला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत पण त्या दिवसापासून त्या मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर स्वतःचं आणि सासऱ्यांचं रांधतात. एरवी आमच्याकडे बांगडे, सुंगटं, तिसऱ्या सगळं शिजतं, मग अंड्यानेच काय घोडं मारलं? नवरा म्हणतो तुमचं तुम्ही दोघी बघून घ्या. मुलगी विचारते आजी आता मला नेवऱ्या (करंज्या) का करून देत नाही. परत श्रावण तोंडावर आलाय, पाठोपाठ चवथ (गणेशचतुर्थी), मुंबईचे दीर-जाऊ येणार. वरच्या मजल्यावर वेगळं किचन करून घेऊ का? - एक सून, फोंडा"

हे बघ गो, वेगळ्या किचनचं आधी बोलूया कारण तोच प्रश्न तू शेवटी विचारलायस आणि मला वाटतं तुझ्या मनात तोच सगळ्यात वर आहे. माझं उत्तर आत्ता तरी नाही असं आहे. उद्या तुझा धंदा वाढला, दिवसाला चार-पाच केक जायला लागले, तर वरती एक खोली, सिंक, मोठा फ्रीज, टेबल असं सगळं जरूर कर, मी स्वतः सांगेन कर म्हणून, पण ते धंद्याची गरज म्हणून. आज भांडणाच्या पाठीवर ते किचन उभं राहिलं तर चवथीला मुंबईहून येणारी जाऊ दारातच विचारेल की हे काय नवीन, आणि मग प्रत्येक जण आपापलं उत्तर देईल, आणि तुझी मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून ठरवणार की आज कुणाकडे जेवायचं. सात वर्षांच्या पोरीवर हे ठरवायची वेळ आणू नकोस.

आता तुझा तो प्रश्न, मासे चालतात मग अंडं का नाही. तू अगदी मनापासून विचारलायस आणि बाहेरून आलेल्या मुलीला हे कोडं वाटणारच. पण मला तुझ्या पत्रात महत्त्वाचा शब्द अंडं वाटला नाही, सोमवार वाटला. तुझ्या सासूबाईंच्या त्या दिवसाच्या मोजमापात अंडं आणि बांगडा एकाच बाजूला बसतात. तू सोमवारी बांगडा तळला असतास तरी त्या अशाच पडवीत गेल्या असत्या, आणि बुधवारी चार अंड्यांचा केक केला असतास तर कदाचित त्यांनी तुकडा चाखूनही बघितला असता.

आमच्या गोव्यातल्या हिंदू घरात स्वयंपाकघर हे दिवसांवर चालतं, हे तुला नऊ वर्षांत दिसलं असेलच पण कुणी बसून सांगितलं नसेल. चैत्र-वैशाखात घरात श्वास घ्यायला फुरसत नसते, सोलं (आमसुलं) सुकवायची, पापड, आंब्याची साटं, फणस, सुकी मासळी भरून ठेवायची, सगळं पुरमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, पावसाच्या आधी आत यायला पाहिजे. मग 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग, तेव्हा सुकी सुंगटं, खारे बांगडे, आणि पहिल्या पावसाबरोबर तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, नशीब असेल तर रानातली आळमी (अळंबी). मग श्रावण, शिवराक, म्हणजे मासे-मांस-अंडी काही नाही. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. सोमवार तर आहेतच पण आमच्याकडे श्रावणातल्या रविवारी आयताराची पूजा असते, सवाशिणी पत्री गोळा करतात, आणि त्याचा नैवेद्य घराघरात ठरलेला. सांगलीकडे तू हे बघितलं नसशील. मग चवथ, खतखतं, मुगागाठी, मणगणं, नेवऱ्या. मग दिवाळीला फोव म्हणजे पोहे, गुळाचे, दुधातले, ताकातले, आणि गावातल्या नातेवाइकांकडे जाऊन परत फोव. हे सगळं कॅलेंडर तुझ्या सासूबाईंच्या डोक्यात आहे, कुठे लिहिलेलं नाही, आणि इतकी वर्षं ते त्याच चालवतात. त्या बाईकडे ना ऑफिस ना पगार, तिची घरातली सत्ता म्हण, मान म्हण, जे काय आहे ते या दिवसांत आहे. त्या सोमवारी तुझ्या ओव्हनमधून केकचा वास घरभर सुटला तेव्हा त्यांना वाटलं असणार की आता दिवसही मी ठरवत नाही. त्या बोलल्या नाहीत कारण काय बोलणार, सून कमावते, मुलगा खूश आहे, बोललं तर आपणच वाईट.

तुझी चूक झाली असं मी म्हणत नाही हां. अर्जंट ऑर्डर आली, पैसे येणार होते, कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस होता. पण वर्ष होत आलं आणि तुम्ही दोघी त्यावर एक वाक्य बोललेल्या नाहीत, ते मला जास्त टोचलं.

तर पहिलं काम. श्रावण लागायच्या आधी एका दुपारी, जेवणं उरकल्यावर, चहा घेऊन पडवीत जा. त्यांच्या शेगडीजवळ जा, त्यांना आत बोलावू नकोस. हातात कॅलेंडर ने, भिंतीवरचं कालनिर्णय असेल तर तेच खाली काढून ने, आणि म्हण, आई, या दोन महिन्यात कुठल्या कुठल्या दिवशी ओव्हनला अंडं लावायचं नाही ते मला खुणा करून द्या, मी त्या दिवशी तशा ऑर्डरी घेणार नाही. एवढंच. गेल्या वर्षीचं स्पष्टीकरण देत बसू नकोस, अर्जंट होती, मला माहीत नव्हतं, वगैरे. माफी मागावीशी वाटली तर एका वाक्यात माग आणि पेन त्यांच्या हातात दे. त्या कदाचित म्हणतील मला काय विचारतेस, तुझं तू कर. तरी कॅलेंडर तिथेच ठेवून ये. दुसऱ्या दिवशी परत जा. आणि त्यांनी अख्ख्या श्रावणावर खूण केली तर? तर अख्खा श्रावण. एक महिना अंड्याशिवाय तुझा धंदा बुडत नाही, ते कसं ते खाली सांगते.

दुसरं काम नवऱ्याचं. "तुम्ही दोघी बघून घ्या" हे वाक्य ऐकायला समजूतदार वाटतं पण त्यातला एक पक्ष त्याची आई आहे आणि दुसरा पक्ष त्याची बायको, तो लांब कसा राहील? त्याने न्यायाधीश होऊ नये हे खरं. पण त्याने आईजवळ बसून एवढं तरी सांगायला पाहिजे की आई तू पडवीत रांधतेस ते मला बघवत नाही, आणि या धंद्यातनं पोरीच्या शाळेला मदत होते ते मला हवं आहे. दोन्ही वाक्यं, एकाच बैठकीत. हे तुझ्या तोंडून जाऊन उपयोग नाही.

आता किचनमधलं. अंड्याची भांडी वेगळी कर आणि ती दिसतील अशी वेगळी कर. एक झाकणवाला क्रेट घे, त्यात अंड्याच्या केकचे टिन, बीटरची पाती, एक बोल, स्पॅच्युला, ब्रश, त्यांचा स्वतंत्र स्क्रबर सुद्धा. अंडी फ्रीजच्या दारात उघडी नकोत, डब्यात. अंड्याचा वास भांड्याला का राहतो माहितीये, आपण पहिल्यांदाच गरम पाणी ओततो, त्याने अंडं भांड्यावरच शिजून चिकटतं, म्हणून आधी गार पाण्याने धुवायचं, मग साबण, मग गरम पाणी, आणि तरी वास राहिला तर बेसन किंवा लिंबाची साल चोळायची. ओव्हनची जाळी आणि खालचा ट्रे प्रत्येक वेळी बाहेर काढून पूस, आतल्या भिंती ओल्या फडक्याने, आणि नंतर दहा मिनिटं रिकामा तापव. हे सगळं त्यांच्या डोळ्यासमोर होऊ दे, दाखवायला म्हणून नको, पण लपवूनही नको.

श्रावणातल्या ऑर्डरींना एगलेस कर. फोंड्यात श्रावणात वाढदिवस आलेल्या घरांना तसाही एगलेसच पाहिजे असतो, तू आत्तापासून व्हॉट्सॲपवर टाकून ठेव. दह्याचा साधा स्पंज सगळ्यात भरवशाचा, दीड कप मैदा, एक कप ताजं दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून खायचा सोडा, व्हॅनिला. दही-साखर फेटून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं ठेव, फेसाळून वर येतं, मग तेल, मग चाळलेला मैदा दोन-तीन हप्त्यात. मैदा घातल्यावर जास्त फेटायचं नाही, केक चिवट होतो. आणि मिश्रण तयार झालं की थांबायचं नाही, दही आणि सोडा मिळून जो गॅस होतो तो निघून जात असतो, ओव्हन आधीच तापलेला पाहिजे, 180 डिग्री, आठ इंची टिनला पस्तीस-चाळीस मिनिटं. पावसाळ्यात आमच्या हवेत बेकिंग पावडर लवकर मरते, चमचाभर गरम पाण्यात टाकून बघ, फसफसली नाही तर डबा फेकून दे.

बात्क पण करता येईल, रवा आणि ओल्या नारळाचा तो नाताळचा केक, मूळचा अंड्याचा आहे पण दह्यावर छान होतो, फक्त मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून रवा फुलू द्यायचा आणि सोडा-बेकिंग पावडर सकाळी भाजायच्या आधी घालायची. नारळाचं असल्याने दमट हवेत दोन दिवसाच्या वर बाहेर टिकत नाही हे गिऱ्हाइकाला सांगायचं. बेबिंकाच्या, त्या थराथरांच्या गोवन गोडाच्या, वाटेला मात्र एगलेस म्हणून जाऊ नकोस, ती अंड्याच्या पिवळ्या बलकावर आणि नारळाच्या दुधावरच उभी आहे, 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव लावून दुसरंच काहीतरी विकलेलं मला आवडणार नाही. ती नाताळला कर, तेव्हा तुला मोकळीक असेल.

आणि आता जे मला तुला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तुझ्या सासूबाईंना तवसळी येत असणार. फोंड्यातल्या त्या वयाच्या बाईला येत नाही असं सहसा होत नाही. पावसाळ्यात ती मोठी तवशी, म्हणजे काकड्या, येतात ना, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, रस्त्याकडेला डोंगरावरच्या बायका घेऊन बसतात, चवथीच्या आधी बाणस्तारीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या, बाजारात पण दिसतात, त्याचा हा केकच आहे, अंड्याशिवायचा, मैद्याशिवायचा, बेकिंग पावडरशिवायचा. आणि ओव्हन घरात यायच्या कितीतरी आधीपासून बायका तो भाजतायत. जाड बुडाच्या भांड्यात मिश्रण घालून खाली मंद आच, वर थाळा आणि त्यावर करवंट्यांचे निखारे. तुझ्या ओटीजीत वरचा रॉड खालचा रॉड असतो, तेच काम. म्हणजे तू जे क्लास लावून शिकलीस त्यातलं निम्मं त्यांना आधीपासून येतं, वरून आच किती, खालून किती, कड सुटली म्हणजे काय, वास बदलला म्हणजे काय, आणि हे त्यांना आजपर्यंत कुणी बेकिंग म्हणून विचारलेलं नाही.

तर त्यांना विचार. शिकव म्हण. माप त्यांचंच घे, प्रत्येक घराचं वेगळं असतं, पण तुला अंदाज असावा म्हणून सांगते: तांदळाचा रवा एक कप, चमचाभर तुपात खमंग वास येईपर्यंत भाजायचा. तवसं सोलून मधला बियांचा भाग काढून किसायचं, त्याआधी एक तुकडा चाखायचा, कडू निघालं तर सगळं वाया. कीस पाण्यासकट दोन कप, पाणी पिळून टाकायचं नाही, त्यातच रवा भिजतो. गूळ पाऊण ते एक कप, ओलं खोबरं अर्धा कप, काजूचे तुकडे, वेलची, चिमूटभर मीठ. गूळ आणि कीस जरा गरम करून गूळ विरघळला की रवा, खोबरं घालून घट्टसर होईपर्यंत ढवळायचं. तूप लावलेल्या टिनमध्ये, बुडाला हळदीचं पान घातलंस तर त्याचा वास आतपर्यंत जातो. 180 डिग्री, दोन्ही रॉड, चाळीसेक मिनिटं, आणि शेवटची पाच-सात मिनिटं फक्त वरचा रॉड म्हणजे निखाऱ्यासारखा रंग येतो. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायची नाही, तुटते. सुरी घालून बघायच्या आधी त्यांना ओव्हनचं दार उघडून दाखव आणि विचार झाली का. त्या सांगतील.

एक गोष्ट आधीच समजून घे, त्या कदाचित म्हणतील की या ओव्हनमधलं नैवेद्याला चालणार नाही. वाद घालू नकोस. नैवेद्याची मोदकपात्रात वाफवून करू देत, तीही तितकीच पारंपरिक, आणि घरच्यांना खायची ओव्हनमध्ये भाज. देवाला काय चालतं ते त्या ठरवणार आणि गिऱ्हाइकाला काय चालतं ते तू, एवढी वाटणी पुरे आहे. मी बऱ्याच घरांत बघितलंय की एक वर्ष असं गेलं की दुसऱ्या वर्षी त्याच म्हणतात ट्रे नवीन आण, मग बघू. पण ते होईल म्हणून करू नकोस. नाही झालं तरी चालेल.

आणि हेही सांगून ठेवते, ती तवसळी चांगली झाली की तुझ्यातली धंदेवाली जागी होणार, फोटो, स्टेटस, "पारंपरिक गोवन कुकुंबर केक, ऑर्डर घेणे सुरू". थांब. आधी त्यांना विचार. रेसिपी त्यांची आहे, त्यांच्या आईची असेल, सासूची असेल. त्या हो म्हणाल्या तर लिहिताना त्यांच्या हातची असं लिही आणि त्या ऑर्डरीचे पैसे त्यांच्या हातात दे, घरखर्चात मिसळून टाकू नकोस. त्या घेणार नाहीत, परत करतील, तरी दे. त्या वयाच्या कितीतरी बायकांनी स्वतःच्या रांधपाचे पैसे आयुष्यात कधी हातात घेतलेले नसतात. आणि नाही म्हणाल्या तर ती घरात राहू दे, विकायला तुझ्याकडे दुसरे केक भरपूर आहेत.

मुलीचं. तिला या सगळ्यात निरोप्या बनवू नकोस, "जा आजीला विचार नेवऱ्या करतेस का" असं अजिबात पाठवायचं नाही. तिने तुला विचारलं की आजी का करत नाही, तर खरं सांग, आजीला माझं एक वागणं आवडलं नव्हतं, मी तिच्याशी बोलणार आहे. मुलांना हे कळतं. आणि चवथीच्या आधी नेवऱ्या करायला बसाल तेव्हा तू पण खाली बस, पारी लाटायला. पोरीला कातण दे, कडा कापायचं काम तिला आवडेल. त्या दिवशी केकची ऑर्डर घेऊ नकोस, अगदी एगलेस सुद्धा नको. तुझ्या जावेलाही बसव, मुंबईची असली म्हणून काय झालं. डब्बे भरताना शेजारच्या ख्रिश्चन घरी जाणारा डबा तुझ्या पोरीच्या हातून पाठव, नाताळला त्यांच्याकडून दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट येतं तेव्हा तिला कळेल की ते का येतं.

त्या पडवीतल्या शेगडीबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण सांगते. ती उचलू नकोस, नवऱ्यालाही उचलू देऊ नकोस. त्यांना आत यायचं तेव्हा येतील, आधी कदाचित फक्त चहा करायला, मग एक दिवस भात. "आलात का आत" असं म्हणायचं नाही, कुणाला फोन करून सांगायचं नाही. त्यांची ओट्याची बाजू मात्र आज मोकळी कर, तुझे आयसिंगचे डबे, नोझल, टर्नटेबल जे काय तिथे सरकलं असेल ते उचल. मी तुझं घर बघितलेलं नाही पण बेकिंगवाल्यांचं सामान कसं पसरतं ते माहितीये.

राहिलं धंद्याचं. घरून खायचं विकतेस म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते, छोट्या धंद्याची बेसिक नोंदणी त्यांच्या फॉस्कॉस या साइटवर ऑनलाइन होते, 14 आकडी नंबर मिळतो, तो बॉक्सवर छाप. एगलेस आणि अंड्याचे बॉक्स वेगळ्या स्टिकरचे ठेव, श्रावणात कुणाचा उपास मोडला तर ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि त्याच्या घरात तेच होईल जे तुझ्या घरात झालं.

आणि नवऱ्याला अजून एक काम दे. ओटीजी साधारण 1500 वॉटच्या आसपास असतो, तो मिक्सरच्या छोट्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावत असशील तर आजपासून बंद, वायर तापते. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट पाहिजे, अर्थिंगसकट, आणि तो कुठे बसवायचा ते सासूबाईंना विचारून ठरव, देवघराच्या भिंतीला लागून नको. इलेक्ट्रिशियनला याच आठवड्यात बोलव, चवथ जवळ आली की सगळे मखराच्या आणि मंडपाच्या लायटिंगला जातात, मग हाताला लागत नाहीत.